टनाला नऊ ग्रॅम

भुजंगराव माने नमुना घ्यायला निघाले की आधी डबा फिरायचा. बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा. हातोडीला हात लावण्याआधी ज्याच्या अंगावर सोनं असेल त्यानं ते काढून डब्यात टाकायचं, मग तो हमाल असो की साहेब. डब्याला कुलूप लागायचं आणि किल्ली संध्याकाळपर्यंत भुजंगरावांच्या कनवटीला.

कारण साधं होतं. टनभर दगडात चार-पाच ग्रॅम सोनं निघालं तरी खाण चालते. इतक्या कमी मापाच्या कामात कुणाच्या अंगठीचा एक कण, डोळ्याला न दिसणारा, दगडाच्या भुकटीत पडला की झालं. कागदावर सगळा डोंगर सोन्याचा होतो. भुजंगरावांनी तीस वर्षं हे काम केलं होतं आणि तीस वर्षं हा डबा फिरवला होता. एकदा बंगळूरहून आलेल्या नव्या लग्नाच्या साहेबानं अंगठी काढायला कां-कूं केली, तेव्हा ते म्हणाले होते, "साहेब, जावईपण घरी. इथं अंगठी काढा." ऑफिसात हा किस्सा अजून सांगत.

ऑफिस म्हैसूरला नजरबादेत होतं. खनिजांची पाहणी करणारं सरकारी ऑफिस, आठ-दहा माणसांचं. भुजंगरावांचं घरही तिथून जवळच. त्यांचे पूर्वज कधीकाळी म्हैसूरच्या राजाच्या घोडदळात आले आणि इथलेच झाले. घरात मराठी राहिली, अर्धी कानडी होऊन. मुलगी दावणगिरीला दिलेली, तिच्या मुलांना तर तेवढीही येत नव्हती. घरात दोघंच, भुजंगराव आणि नागरत्ना.

ऐंशी सालच्या नोव्हेंबरात नागरत्ना गेली. मूत्रपिंडाचा आजार होता. शेवटच्या आठवड्यात दवाखान्यात तिचा गळा सुजला, मंगळसूत्र रुतायला लागलं. तिनं स्वतःच काढून नवऱ्याच्या हातात दिलं. "ठेवा जपून. इथं कोण कुणाचं काय नेईल, काय की. बरी झाले की घालते." त्यांनी ते सदऱ्याच्या खिशात ठेवलं. सदरा घरी जाऊन खुंटीला लागला. तिसऱ्या दिवशी पहाटे ती गेली. तिला आंघोळ घालताना बायकांनी विचारलं, "मंगळसूत्र कुठाय?" भुजंगरावांना आठवेना. ते भिंतीला टेकून बसले होते, विचारलेलं त्यांच्या कानावर पडत होतं, पण त्याचा अर्थ लागत नव्हता. बायकांनी थोडा वेळ वाट पाहिली आणि हळदीचा दोरा बांधला. सवाष्ण बाई हळदीच्या दोऱ्यावर गेली.

स्मशानातून परत आल्यावर आंघोळीसाठी सदरा बदलायला गेले, तेव्हा खुंटीवरच्या खिशात मंगळसूत्र सापडलं.

महिन्यानं ते मंडी मोहल्ल्यात रंगराव सोनाराकडे गेले. मंगळसूत्राच्या दोन वाट्या त्याच्यापुढे ठेवल्या. "ह्याची एक अंगठी कर. माझ्या बोटाची."

रंगराव म्हणाला, "जरा तांबं घालतो, राव. नुसतं सोनं मऊ, झिजून जाईल."

"काही मिसळायचं नाही."

"अहो, पण..."

"तिच्यात काही मिसळायचं नाही म्हटलं ना."

रंगरावानं मान हलवली आणि तशीच अंगठी करून दिली.

एक्याऐंशीच्या जानेवारीत होन्नगुड्ड्याचं काम निघालं. होन्नगुड्डा म्हैसूरपासून जीपनं तीन तास, जंगलाच्या कडेला. इंग्रजांच्या काळात तिथं सोन्याची खाण होती. पुढं ती बंद पडली, खाली उतरायचा उभा शाफ्ट पाण्यानं भरला, पण खाणीसाठी आलेली माणसं तिथंच राहिली. कामगारांच्या लाइनींत पन्नास-साठ घरं होती. कुणी लाकूडफाट्यावर जगायचं, कुणी कूर्गच्या कॉफीच्या मळ्यांत मजुरीला जायचं. आता सोन्याचे भाव चढले होते, म्हणून खाण पुन्हा चालू करण्याजोगी आहे का ते बघायचं होतं. जुन्या वह्यांत टनाला दोन ग्रॅमचा आकडा होता. दोन ग्रॅमला खाण चालत नाही.

साहेब होते श्रीनिवासराव. तिशीचे, हुशार, पायाला भिंगरी. नमुन्याचं सगळं भुजंगरावांवर. लाइनीतली आठ माणसं कामाला घेतली, त्यांचा म्होरक्या नागराज. चाळिशीचा, काटक, तोंडाचा फटकळ. त्याचा बाप ह्याच खाणीत होता.

पहिल्या दिवशी डबा फिरला. नागराजनं आत डोकावून पाहिलं आणि कानडीत म्हणाला, "सार, आमच्याकडं सोनं असतं तर डोंगर कशाला उकरला असता? डबा सुम्ने, उगीच उपाशी फिरवताय." माणसं हसली. मग त्याची नजर भुजंगरावांच्या बोटावर गेली. "तुमचं टाका की. निदान त्याच्या पोटाला काहीतरी."

भुजंगरावांनी त्याच्याकडे असं पाहिलं की नागराजचं हसू जिरलं. श्रीनिवासराव नकाशा बघत होते. त्यांनी ऐकलं होतं, पण माणसाची बायको जाऊन दोन महिने झालेले. त्यांनी नकाशातून डोकं वर काढलं नाही.

भुजंगरावांनी अंगठीवर धोतराच्या चिंधीचे चार वेढे घेतले आणि वरून दोरा बांधला. झालं, म्हणाले मनाशी. झाकलं म्हणजे काढल्यासारखंच. दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर त्याला त्यांनी त्याच दिवशी घरी पाठवलं असतं.

चार महिने काम चाललं. वरचे बोगदे कोरडे होते. गारगोटीची पांढरी शीर जाईल तशी दर पाच फुटांवर आडवी खाच पाडायची, खाली कॅनव्हास धरायचा, पडलेला चुरा पिशवीत. बाहेर आणून तो कुटायचा. मग चौथाई. भुकटीचा ढीग मेणकापडावर ओतायचा, तळहातानं सपाट करायचा, चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन टाकून द्यायचे, उरलेले दोन कालवायचे आणि पुन्हा तेच, ढीग ओंजळभर उरेपर्यंत. ही शेवटची चौथाई भुजंगराव कुणाला करू देत नसत. सहाशे नमुने त्यांच्या हाताखालून गेले. गारगोटीची भुकटी म्हणजे कानसच. चिंधी आठवड्यात फाटायची, ते नवी बांधायचे. कधी दोन दिवस बांधायची राहून जायची.

जूनमध्ये आकडे आले. कुठं चार, कुठं चौदा, मधेच एखादा तीस. सरासरी टनाला नऊ ग्रॅम. श्रीनिवासरावांनी कागद तीनदा वाचला. नियमाप्रमाणे दुसऱ्या माणसाकडून थोडे नमुने पुन्हा घ्यायचे असतात. ते म्हणाले, "नमुना भुजंगरावांचा आहे, तपासायचं काय त्यात?" अहवाल वर गेला आणि सप्टेंबरात हुकूम आला. शाफ्टमधलं पाणी उपसा, खालचे बोगदे उघडा, लाइनीतली चाळीस माणसं कामावर घ्या. पंपाचा मुहूर्त विजयादशमीचा.

मुहूर्ताला पाहुणे येणार, त्यांना काचेच्या नळीत होन्नगुड्ड्याचं सोनं दाखवावं असं श्रीनिवासरावांच्या मनात आलं. प्रत्येक नमुन्याची थोडी भुकटी ऑफिसात जपून ठेवलेली असते. त्यातल्या चार पिशव्या घेऊन भुजंगराव शांताक्काकडे गेले. नवरात्राचा तिसरा दिवस होता, बुधवार.

शांताक्का झारेकरीण. मंडी मोहल्ल्यातल्या सोनारांच्या दुकानांपुढची धूळ झाडून न्यायची, लाकडी परातीत धुवायची आणि त्यातून सोन्याचे कण काढायची. पन्नास वर्षं तिनं दुसरं काही केलं नव्हतं. भुजंगरावांपेक्षा दहा वर्षांनी मोठी आणि त्यांना अण्णा म्हणायची.

"या अण्णा. वहिनी गेल्यावर पहिल्यांदा आलात. जेवता की नाही वेळेवर? गळ्याचं हाड दिसतंय बघा."

"जेवतो की. हे धुवून दे आधी."

तिनं परातीत भुकटी घेतली, पाणी घातलं आणि हलवायला लागली. पांढरं पाणी वाहून गेलं. पुन्हा पाणी, पुन्हा हलवणं. परातीच्या कडेला काळ्या रेतीची कोर राहिली आणि तिच्या टोकाला पिवळे ठिपके. भुजंगरावांना बरं वाटलं. शांताक्कानं ओल्या बोटावर एक कण उचलला, उन्हात धरला, डोळ्याजवळ नेला.

"हे कुठलं म्हणालात?"

"होन्नगुड्डा. डोंगरातलं."

"अय्यो अण्णा, चेष्टा करता काय म्हातारीची?"

"चेष्टा कसली?"

"डोंगराचं सोनं मी पाहिलंय. माझा बाप ओढ्यांत धुवायचा. ते फिकट असतं, ओबडधोबड असतं, त्याला दगड चिकटलेला असतो. हे सोललेलं आहे. बघा, कडेला वळलंय. हे सोनाराच्या कानशीखालचं, दागिन्याचं." तिनं दुसऱ्या पिशवीतली भुकटी घेतली, धुतली. तिसरी धुतली. प्रत्येक वेळी तेच. चौथी तिनं उघडलीच नाही. "हात बघू तुमचा."

"कशाला?"

"दाखवा की."

तिनं त्यांचा उजवा हात धरून तळवा वर केला. अंगठी वरून जाड होती, पितळी नाण्यासारखी चकचकीत. तळव्याच्या बाजूला ती तारेएवढी उरली होती. भुजंगरावांनी नऊ महिन्यांत ती हजार वेळा पाहिली असेल, पण वरूनच.

"वहिनींचं ना हे?" शांताक्कानं विचारलं.

त्यांनी मान डोलावली. तिनं हात सोडला आणि बराच वेळ परात धूत बसली.

घरी येईपर्यंत भुजंगरावांना सगळं कळून चुकलं होतं. होन्नगुड्ड्यात दोनच ग्रॅम होते, जुन्या वह्यांत लिहिले तेवढेच. बाकीचे नागरत्नाचे. आता हे सांगायचं म्हणजे नुसत्या तोंडानं भागणार नव्हतं. पुरावा लागणार. अंगठी जमा होणार, तिचा तुकडा तोडून तो आटवणार, नमुन्यातल्या कणांशी ताडून बघणार आणि उरलेली कुठल्याशा कपाटात पाकिटात पडणार. हे असंच होतं, त्यांनी स्वतः दोनदा असं काम केलं होतं. बाईला गळ्यात घालायला मिळालं नाही, आणि जे राहिलं ते आपल्या हातानं मुशीत घालायला द्यायचं.

तरी दुसऱ्या दिवशी ते ऑफिसात गेले. सांगायचंच ठरवून गेले. श्रीनिवासराव मुहूर्ताची पत्रिका वाचत होते. "या भुजंगराव! नळी झाली?"

"नाही सर."

"का?"

"शांताक्का आजारी आहे." शब्द आपोआप तोंडातून गेले.

"असू दे, दगडच दाखवू." साहेब खुशीत होते. "तुमचा तो नागराज हटून बसलाय. पंप खाली सरकवायला पहिला मीच उतरणार म्हणतो. बापानं शेवटची बादली वर काढली, पहिली मी काढणार, म्हणे."

"सर, शाफ्ट जुना आहे."

"इंजिनियरनं बघितलाय."

"पाण्यानं बाजू धरून ठेवल्यात. पाणी उतरलं की त्या..."

"माहीत आहे हो. लाकडी आधार देत देतच उतरायचंय. काय झालंय तुम्हाला? सोनं निघालं तर आनंद नाही तुम्हाला?"

भुजंगराव आपल्या टेबलाकडे वळले. जागेवर येऊन त्यांनी हिशेब घातला, आणि तो हिशेब त्यांना पटला. पाणी उपसायला दोन महिने लागतील. नुसत्या पंपानं कुणी मरत नाही. माणसं खाली जायला वेळ आहे. उद्या सुट्टी, मग शनिवार, मग आयुधपूजा, मग दसरा. सणासुदीत कशाला? दसरा झाला की सांगू. पाणी उतरायला लागलं की चार दिवसांत वरच्या चाळीस फुटांचे कुजलेले आधार उघडे पडतात, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. पण ते त्यांनी हिशेबात धरलं नाही.

दसऱ्याला ते घरीच राहिले. संध्याकाळी बन्नीमंटपाकडे गर्दी लोटली होती, रस्त्यावरून माणसांचे लोंढे जात होते. शेजारचे शंभूराव शमीची पानं घेऊन आले. "घ्या राव. बन्नी घ्या, बंगारासारखे राहा. येता का मशालींचा खेळ बघायला?"

"नको. तुम्ही जा."

"असं घरात कोंडून किती दिवस बसणार? वहिनींना आवडलं असतं काय?"

भुजंगरावांनी पानं घेतली. ह्याच वेळेला होन्नगुड्ड्यात पंप चालू झाला असेल, त्यांच्या मनात आलं. श्रीनिवासरावांचं घर सरस्वतीपुरममध्ये, पायी अर्ध्या तासावर. दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, ते तिथपर्यंत गेले. फाटकातून आतली रांगोळी दिसली, आत कुणीतरी हसत होतं. ते परत आले. शनिवार गेला, रविवार गेला.

सोमवारी सकाळी त्यांनी साबण लावून अंगठी काढली. ऑफिस उघडल्या उघडल्या ती साहेबांच्या टेबलावर ठेवली आणि उभ्यानंच सगळं सांगितलं. चिंधी, चौथाई, शांताक्का.

श्रीनिवासरावांना आधी कळेचना. मग त्यांनी अंगठी उचलली, खालची बाजू पाहिली आणि त्यांचा चेहरा उतरला. "तुम्ही? भुजंगराव, तुम्ही?" त्यांनी अंगठी परत टेबलावर ठेवली. "डबा फिरवणारे तुम्ही?"

"सर, आधी काम थांबवा. मग मला काय करायचं ते करा."

होन्नगुड्ड्याला फोन नव्हता. साहेबांनी जीप काढली. अंगठी पाकिटात घातली, पाकिटावर दोघांच्या सह्या झाल्या. दोघं लगेच निघाले.

लाइनीजवळ पोचले तेव्हा पंप बंद होता. श्रीनिवासराव म्हणाले, "बरं झालं, बंदच आहे." भुजंगरावांनी शाफ्टपाशी उभी माणसं पाहिली. सगळी जमिनीकडे बघत होती.

सकाळी आठला झालं होतं. पाणी तीस फूट उतरलं, म्हणून नागराज पंप खाली सरकवायला दोर बांधून उतरला. पूर्वेकडचा आधार सुटला आणि त्याच्यामागं बाजू ढासळली. दोर तुटला. आता माती थोडी थोडी वर काढत होते, पण कडा सुटत असल्यानं एका वेळी एकच माणूस उतरू शकत होता.

नागराजची बायको सिद्दम्मा शाफ्टपासून थोड्या अंतरावर दगडावर बसली होती. बायका भोवती. ती रडत नव्हती. भुजंगरावांना पाहून ती उठली आणि जवळ आली.

"राव सार, बरं झालं तुम्ही आलात. हे सगळे म्हणतात आता काम बंद करणार. बंद करणार काय?"

श्रीनिवासरावांनी भुजंगरावांच्या दंडाला हात लावला. "आज नको," ते मराठीत हळूच म्हणाले.

"माझा भाऊ कामावर लागलाय," सिद्दम्मा म्हणाली. "दोन्ही दीर लागलेत. ह्यांनी मला सांगितलं होतं, टनाला नऊ. राव सारनी स्वतः मोजलंय म्हणाले, आता आपल्याला गाव सोडायला नको. ते खरं ना? आहे ना खाली सोनं?"

"नाही, अम्मा," भुजंगराव म्हणाले. "सोनं नाही. माझी चूक झाली. माझ्या अंगठीचं सोनं नमुन्यात मिसळलं. खाली काही नाही."

तिला कळायला वेळ लागला. ती त्यांच्या हाताकडे बघत राहिली. मागच्या माणसांपैकी कुणीतरी "काय म्हणाले?" असं विचारलं, आणि कुणीतरी ते पुन्हा सांगितलं.

"मग हे कशाला उतरले?" तिनं विचारलं.

उत्तराला न थांबता तिनं पुढचं विचारलं.

"तुम्हाला हे कधी कळलं?"

आज सकाळी, असं म्हणता आलं असतं. साहेबांनी ते खोटं पाडलं नसतं.

"बारा दिवस झाले," भुजंगराव म्हणाले.

सिद्दम्मा वळली आणि जाऊन पुन्हा दगडावर बसली. एका म्हातारीनं तिला काय म्हणाले ते विचारलं. तिनं सांगितलं, "बारा दिवस." म्हातारीला नीट ऐकू आलं नाही, म्हणून तिनं पुन्हा मोठ्यानं सांगितलं.

शाफ्टवर दोर ओढायला माणसं कमी पडत होती. भुजंगरावांनी सदऱ्याच्या बाह्या सारल्या आणि पुढं झाले. असे शाफ्ट त्यांनी आयुष्यभर पाहिले होते, कडा कुठून सुटते ते त्यांना कळत होतं. नागराजच्या धाकट्या भावानं दोर दुसऱ्याच्या हातात दिला आणि त्यांच्या आडवा उभा राहिला. तो ओरडला नाही.

"तुम्ही नको," तो म्हणाला. "आमच्या माणसाला तुमचा हात लागायला नको."

भुजंगराव मागं सरले. जीपपाशी जायला त्यांचा पाय निघेना, तसे ते जुन्या इंजिनघराच्या भिंतीजवळ उन्हात उभे राहिले. तिथून त्यांनी एकदाच ओरडून सांगितलं की पश्चिमेकडच्या कडेवर दोघांनी उभं राहू नका, ती सुटेल. माणसांनी त्यांच्याकडे पाहिलं नाही, पण तिथून सरकली. दुपारी चारच्या सुमाराला नागराजचा देह वर काढला.